रुग्णशय्येपासून उंबरठ्यापर्यंत

रुग्णालयांतून एखादा रोगी घरीं परत आला म्हणजे शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, "आतां कसें आहे?" घरचीं माणसें उत्तर देतात, "धोका टळला." या दोन शब्दांत मोठा दिलासा असतो, परंतु तेवढ्यानें सगळें सांगून झालें असें होत नाहीं. धोका टळलेला तो मनुष्य आपल्या हातानें भाताचा घास घेऊं शकतो काय, सदऱ्याची गुंडी लावूं शकतो काय, पहांटे कोणालाहि हांक न मारतां मोरीपर्यंत जाऊं शकतो काय, हे प्रश्न पुढच्या आठवड्यापासून उभे राहतात. आणि त्या वेळीं डॉक्टर जवळ नसतो. या प्रश्नांचा विचार रोगी खाटेवर असतांनाच करावयास शिकविणारी एक विद्या गेल्या शंभर वर्षांत उदयास आली आहे. तिला मराठींत 'व्यवसायोपचार' असें म्हणतात. ही विद्या महाराष्ट्रांत कशी आली आणि तिचें स्वरूप कसें पालटत गेलें, हा इतिहास शिकलेल्या घरांतूनहि फारसा ठाऊक नाहीं.

प्रथम तिच्या नांवाविषयीं. व्यवसाय म्हटला कीं आपल्यापुढें वकिली, वैद्यकी किंवा व्यापार उभा राहतो, आणि व्यवसायोपचार म्हणजे रोग्याला एखादा धंदा शिकविणें, असा ग्रह सहज होतो. इंग्रजी शब्दाचा मूळ आशय याहून व्यापक आहे. मनुष्याचा वेळ, हात आणि मन ज्या ज्या कामांत गुंतून राहतें तें सर्व त्यांत येतें. अंघोळ, वेणीफणी, स्वयंपाक, शेतांतलें काम, कचेरींतलें काम, नातवाला खेळविणें, हें सारें त्यांत आलें. गंमत अशी कीं, मराठी शब्दहि मुळांत इतका अरुंद नव्हता. संस्कृतांत व्यवसाय म्हणजे निश्चय आणि त्या निश्चयानें केलेला उद्योग. गीतेंतहि हा शब्द याच अर्थाच्या जवळ येतो. रोग्याच्या ठिकाणीं निश्चय जागा करून त्याच्याकडून उद्योग करविणें, असा अर्थ धरल्यास आपलें नांव इंग्रजी नांवापेक्षांहि अधिक सार्थ ठरतें.

कामानें माणूस सुधारतो, ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडांत यॉर्क येथें १७९६ सालीं विल्यम ट्यूक या क्वेकर पंथाच्या गृहस्थानें वेड लागलेल्यांसाठीं एक आश्रयस्थान उघडलें. त्या काळीं अशा लोकांना सांखळदंडांत ठेवीत; ट्यूकनें त्यांना माणुसकीची वागणूक आणि रोजचें काम दिलें. त्याच सुमारास फ्रान्समध्यें पिनेल हा वैद्य याच दिशेनें प्रयत्न करीत होता. परंतु या प्रयत्नांना शास्त्राचें रूप आणि नांव मिळण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. अमेरिकेंत जॉर्ज बार्टन नांवाचा एक वास्तुशिल्पज्ञ होता. क्षयानें त्याला ग्रासलें होतें. पायाच्या शस्त्रक्रियेनंतर त्याच्या डाव्या अंगांतील शक्तीहि गेली. सुतारकाम, बागकाम असें जमेल तें करीत करीत तो पुन्हां उभा राहिला. आपल्याला जें साधलें तें इतरांनाहि साधावें, म्हणून त्यानें १९१४ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गांवीं एक घर उघडलें आणि त्यास 'कॉन्सोलेशन हाउस', म्हणजे सांत्वनगृह, असें नांव दिलें. याच घरांत १९१७ च्या मार्च महिन्यांत चार-सहा मंडळी जमलीं आणि व्यवसायोपचाराची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. थोड्याच दिवसांत अमेरिका महायुद्धांत उतरली. जखमी सैनिकांच्या लाटा येऊं लागल्या. आणि जी गोष्ट मूठभर लोकांच्या ध्यासाची होती तिची सरकारला गरज भासूं लागली. फिलाडेल्फिया येथें १९१८ सालीं या विषयाची शाळा निघाली. इंग्लंडांत पहिली शाळा १९३० सालीं ब्रिस्टल येथें डॉ. एलिझाबेथ कॅसन यांनीं काढली.

युद्धाचे पडसाद आपल्याकडेहि उमटले होते. पहिल्या महायुद्धांत हातपाय गमावलेल्या हिंदी सैनिकांना उपजीविकेचें साधन मिळावें म्हणून १९१७ सालीं मुंबईंत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झालें. पुढें तें पुण्याजवळ खडकीस नेण्यांत आलें. दुसऱ्या महायुद्धांत, १९४४ सालीं, पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र निघालें. या संस्थांचें कार्य मोठें आहे. परंतु त्यांच्याकडे मनुष्य येई तो रोग ओसरल्यावर, जखम भरल्यावर. रुग्णालय आपलें काम करी आणि त्यानंतर या संस्था आपलें काम करीत. मध्यें जो काळ जाई त्यांत सांधे आखडत, स्नायु झडत आणि मन खचे. तो काळ कोणाच्याच हिशेबांत नसे.

ही उणीव ज्यांनीं ओळखली त्या कमलाबाई निंबकर. त्यांचें जन्मनांव एलिझाबेथ लंडी; जन्म १९०० सालचा, अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांतल्या एका क्वेकर घराण्यांतला. यॉर्कच्या ट्यूकचा पंथ तोच यांचा, हा योगायोग ध्यानांत घेण्याजोगा आहे. विष्णु निंबकर या महाराष्ट्रीय गृहस्थांशीं विवाह करून त्या हिंदुस्थानांत आल्या आणि 'कमला' हें नांव घेऊन येथल्याच झाल्या. फलटणचे कृषिसंशोधक बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव. संसार मांडून झाल्यावर, मध्यम वयांत, कमलाबाई पुन्हां विद्यार्थिनी झाल्या. फिलाडेल्फियाच्या त्याच शाळेंत त्यांनीं व्यवसायोपचाराचें शिक्षण घेतलें आणि ती विद्या घेऊन त्या मुंबईस परतल्या.

१९५० सालीं परळच्या किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयांत, म्हणजे मुंबईकरांच्या तोंडीं असलेल्या 'केईएम'मध्यें, त्यांनीं व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. हिंदुस्थानांतील ही पहिली शाळा. आशियांतहि हिचाच मान पहिला समजला जातो. जागेची निवड अर्थपूर्ण होती. हें रुग्णालय १९२६ सालीं शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या जोडीनें उघडलें तें गिरणगांवाच्या मध्यभागीं. येथें येणारा रोगी हातांवर पोट असलेला. ज्याचा हात गेला त्याची भाकरी गेली, हें तेथें कोणाला समजावून सांगावें लागत नसे. त्याच शहरांत फातिमा इस्माइल यांनीं, स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यानंतर, अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठीं १९४७ सालीं संस्था उभारलेली होती. पोलिओच्या त्या दिवसांत लहान मुलांचे लुळे पडलेले हातपाय हें शहरांतील नित्याचें दृश्य होतें. भारतांत पोलिओचा शेवटचा रोगी आढळला तो २०११ सालीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे मधल्या साठ वर्षांचें ओझें किती होतें याची कल्पना येते.

यापुढचीं पावलें झपाट्यानें पडलीं. १९५२ सालीं कमलाबाईंच्या पुढाकारानें अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघ स्थापन झाला. त्याच वर्षीं इंग्लंडांत लिव्हरपूल येथें जागतिक महासंघाचा पाया घालण्यांत आला. त्याच्या संस्थापक देशांची संख्या अवघी दहा. आणि त्या दहांत भारत होता. स्वातंत्र्य मिळून पुरतीं पांच वर्षेंहि न झालेलीं, शाळा निघून दोन वर्षें झालेलीं. अशा स्थितींत हें स्थान मिळावें, यांत कमलाबाईंची तळमळ दिसून येते. १९५८ सालीं नागपुरासहि शाळा निघाली. १९६८ सालीं त्यांनीं अपंगांना समान संधि मिळावी यासाठीं एक राष्ट्रीय संस्था स्थापन केली. १९७९ सालीं त्या निवर्तल्या.

आतां या विद्येच्या स्वरूपांत पडलेल्या फरकाकडे वळूं. आरंभींच्या काळांत जगभरच्या व्यवसायोपचार विभागांत माग, सुताराची पटाशी, मातीचें चाक, वेताच्या टोपल्या हें साहित्य दिसे. मागाचा धोटा फेंकतांना खांदा हलतो, करवतीनें कोपर हलतें, मातीनें बोटांत जोर येतो, असें त्यामागील शास्त्र. रोगी महिनोन् महिने रुग्णालयांत राहत, तोंवर ही पद्धति सोयीची होती. क्षयाचा रोगी आरोग्यधामांत वर्षवर्ष काढी. हृदयविकाराच्या रोग्यास कित्येक आठवडे उताणें निजवून ठेवीत. परंतु वैद्यकाचीच मतें पालटूं लागलीं. १९४७ सालीं रिचर्ड अॅशर या इंग्रज डॉक्टरनें अंथरुणांत पडून राहण्याचे धोके एका लेखांत मांडले. खाटेवर खिळलेल्या माणसाच्या शिरांत रक्ताच्या गांठी होतात, फुप्फुसांत कफ सांचतो, पाठीस व्रण पडतात आणि हाडें ठिसूळ होतात, हें त्यानें दाखवून दिलें. १९५२ सालीं अमेरिकेंत लेव्हिन आणि लाउन यांनीं हृदयविकाराच्या रोग्यास खाटेऐवजीं आरामखुर्चींत बसविण्याचा उपचार पुढें आणला. इकडे स्ट्रेप्टोमायसिनसारख्या औषधांनीं क्षयाचा मुक्काम आखूड केला. रुग्णालयांतील महिने आठवड्यांवर आले आणि आठवडे दिवसांवर.

मग मागाचें काय करावयाचें? पांच दिवसांत कोणी टोपली विणावयास शिकत नाहीं. म्हणून व्यवसायोपचारतज्ज्ञ आपला विभाग सोडून रोग्याच्या खाटेजवळ आला. आणि त्याचें साहित्य झालें दांत घासण्याचा ब्रश, कंगवा, ताट-वाटी, सदरा आणि पाण्याचा तांब्या. पाहणाऱ्यास हें काम क्षुद्र वाटतें. पण पक्षाघात झालेल्या माणसानें उजव्या हाताच्या मदतीनें डाव्या हातांत बाही कशी चढवावी, यांत केवढा विचार सांठविलेला आहे! अधू हात आधीं घालावयाचा आणि काढतांना शेवटीं काढावयाचा, हा साधा नियम; पण तो ठाऊक नसल्यानें कित्येक जण जन्मभर दुसऱ्याकडून कपडे घालून घेतात. मेंदूच्या उजव्या भागास इजा झालेल्या कांहीं रोग्यांचें डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाहीं. ते ताटांतला उजवीकडचा भात खातात आणि डावीकडची भाजी तशीच ठेवतात. घरच्यांना वाटतें, अन्नावर वासना नाहीं. व्यवसायोपचारतज्ज्ञ ताटाच्या डाव्या कडेस एखादी ठळक रंगाची पट्टी लावतो आणि रोग्याला तेथून सुरुवात करावयास शिकवितो. अधू खांदा नुसता ओढून रोग्यास उठवलें, तर तो सांधा निखळतो आणि पुढें महिनोन् महिने ठणकतो. म्हणून हात कसा ठेवावा, उठवितांना कोठें धरावें, हें पहिल्याच दिवशीं सांगावें लागतें.

भाजलेल्या रोग्याच्या बाबतींत तर वेळेचें महत्त्व याहूनहि अधिक. आपल्या घरांतून चुलीवर आणि स्टोव्हवर भाजलेल्या स्त्रियांची संख्या दीर्घकाळ मोठी राहिली. भाजलेला मनुष्य वेदना कमी व्हावी म्हणून हात अंगाशीं घट्ट धरतो, हनुवटी छातीशीं लावतो, बोटें वांकवितो. निसर्गाची मोठी विपरीत गोष्ट ही कीं, ज्या स्थितींत त्याला आराम वाटतो त्याच स्थितींत नवी त्वचा आखडून बसते. जखम बरी होते, पण मान वर होत नाहीं, बगल उघडत नाहीं. यास्तव पहिल्या दिवसांतच मान मागें झुकलेली, बाहु अंगापासून काटकोनांत दूर, मनगट किंचित् वर आणि बोटांचीं शेवटचीं पेरें सरळ राहतील अशा पट्ट्या बनवून बांधाव्या लागतात. रोगी विनवण्या करतो, नातेवाईक रडतात. तरीहि त्या पट्ट्या बांधाव्या लागतात, कारण ती संधि पुन्हां मिळत नाहीं.

अतिदक्षता विभागांतील कामाची कहाणी सर्वांत अलीकडची. श्वासयंत्रावर असलेल्या माणसास गुंगीचें औषध देऊन निजवून ठेवावें, अशी रीत होती. २००९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत अमेरिकेंतील दोन रुग्णालयांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. श्वासयंत्रावरील १०४ रोग्यांचे दोन गट केले. एका गटास रोज कांहीं वेळ गुंगींतून जागें करून त्याच वेळीं भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार दिले. खाटेच्या कांठावर बसविलें, तोंड पुसावयास लाविलें, शक्य त्यांस उभें केलें. दुसऱ्या गटासहि रोज जागें करीत, पण उपचार नेहमींच्या वेळीं म्हणजे उशिरा मिळाले. पहिल्या गटांतील ५९ टक्के लोक रुग्णालय सोडतांना आपलीं रोजचीं कामें स्वतः करण्याच्या स्थितींत होते. दुसऱ्यांत ३५ टक्के. बुद्धिभ्रमाचे दिवसहि मध्यमानानें चारांचे दोन झाले. पुढें २०१६ सालीं अमेरिकन रुग्णालयांच्या खर्चाची छाननी झाली तेव्हां असें आढळलें कीं, हृदयाची दुर्बलता, हृदयविकाराचा झटका आणि न्यूमोनिया या तिन्ही रोगांत, ज्या एका बाबीवरील अधिक खर्चाबरोबर रोगी पुन्हां दाखल होण्याचें प्रमाण कमी दिसतें, ती बाब व्यवसायोपचार ही होय. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध झाला असें म्हणतां येणार नाहीं. परंतु त्यामागील तर्क पटण्याजोगा आहे. ज्याला औषधाची डबी उघडतां येत नाहीं, ज्याचा न्हाणीघरांत तोल जातो, तो परत रुग्णालयांत येणारच.

आपल्याकडे मात्र या उपचाराची गांठ एका निराळ्याच अडचणीशीं पडते, आणि ती अडचण प्रेमाची आहे. पाश्चात्य रुग्णालयांत रोगी परिचारिकेच्या हवालीं असतो. आपल्याकडे त्याच्या खाटेशीं बायको, मुलगा, बहीण, सून, कोणी ना कोणी बसलेलें असतें. तीं त्याला भरवितात, अंग पुसतात, कूस वळवितात. आजाऱ्याला कष्ट पडूं न देणें हा आपल्या घरांतील धर्म. अशा वेळीं कोणी येऊन सांगावें कीं, "आजींना भरवूं नका, घास सांडला तरी त्यांचा त्यांना घेऊं द्या," तर तें कठोर वाटतें. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतील व्यवसायोपचारतज्ज्ञांचें अर्धें काम रोग्यापाशीं असतें आणि अर्धें या नातलगांपाशीं. हात राखून मदत करणें ही मदत करण्यापेक्षां अवघड विद्या आहे, आणि ती चार दिवसांत शिकवावी लागते. तथापि हीच अडचण आपली शक्तीहि होऊं शकते. जी सून चार दिवस खाटेशीं बसते ती एकदां रीत शिकली कीं, घरीं गेल्यावर तोच उपचार चालू राहतो. परदेशांत त्यासाठीं पगारी माणूस पाठवावा लागतो.

या विद्येची खरी कसोटी मात्र शहराबाहेर लागते. जुन्नर तालुक्यांतील खोडद या गांवाचें उदाहरण घ्यावें. नारायणगांवापासून जवळच असलेल्या या गांवाचें नांव आज सर्व जगाच्या शास्त्रज्ञांस ठाऊक आहे, कारण प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून उभी राहिलेली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण याच परिसरांत आहे. त्या तबकड्यांच्या भोंवतीं ऊंस, कांदा, टोमॅटो यांचीं शेतें आहेत. समजा, येथील एखाद्या शेतकऱ्याचा हात कडबाकुट्टींत सांपडला, किंवा पन्नाशींतल्या एखाद्या बाईला पक्षाघाताचा झटका आला. प्रथम नारायणगांव, मग मंचर, आणि प्रकृति अधिक बिकट असेल तर पुण्याचें ससून. म्हणजे सुमारें ऐंशीं किलोमीटरचा प्रवास. तेथें प्राण वांचतात. आठ-दहा दिवसांनीं खाट दुसऱ्या रोग्यास लागते आणि मनुष्य घरीं येतो.

घर कसें असतें? जेवण जमिनीवर मांडी घालून. चूल किंवा शेगडी पुष्कळदां खालींच. शौचास उकिडवें बसावें लागतें. उंबरठा हातभर नसला तरी वितीएवढा उंच. पाणी हंड्या-कळशींत, गोठा अंगणापलीकडे, आणि पावसाळ्यांत मधली वाट निसरडी. रुग्णालयांतील गुळगुळीत फरशीवर काठी घेऊन वीस पावलें चालणारी बाई या घरांत पाऊल टाकतांच परावलंबी होते. म्हणून चांगला व्यवसायोपचारतज्ज्ञ ससूनमधल्या खाटेपाशींच विचारतो: घरांत किती पायऱ्या? पाणी कोठून येतें? गाय कोण काढतें? आणि त्या उत्तरांप्रमाणें खाटेवर शिकवणी बदलतो. जमिनीवरून उठण्याचा सराव करून घेतो. शौचकूपावर मध्यें भोंक असलेली खुर्ची ठेवावयास सांगतो. भिंतीला बांबूचा आधार ठोकावयास सुचवितो. विळीवर भाजी चिरतांना ती न घसरावी म्हणून काय करावें तें दाखवितो. यांत महागडें असें कांहींच नाहीं. लागतो तो शिकलेला माणूस आणि त्याचा अर्धा तास.

आणि नेमका तोच माणूस कमी पडतो. मुंबईंत केईएमच्या मागोमाग नायर आणि शीव येथील रुग्णालयांतहि हें शिक्षण सुरू झालें. महाराष्ट्रानें २००२ च्या कायद्यानें व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांसाठीं स्वतंत्र परिषदेची तरतूद केली. २०२१ सालीं संसदेनें केलेल्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यांत या विद्येला राष्ट्रीय पातळीवर स्थान मिळालें. कागदावर पाया पक्का झाला आहे. परंतु शिकून बाहेर पडलेले तरुण बहुधा मोठ्या शहरांत राहतात किंवा परदेशीं जातात, आणि तालुक्याच्या रुग्णालयांत हें पद क्वचितच आढळतें. शस्त्रक्रियेसाठीं लाखांचा खर्च करणारें कुटुंबहि या उपचाराची मागणी करीत नाहीं, कारण असा उपचार असतो हेंच त्यास कोणी सांगितलेलें नसतें.

मागणी केल्यावांचून पुरवठा होत नाहीं, हा व्यवहाराचा नियम येथेंहि लागू पडतो. घरांतील कोणाला अपघात झाला, पक्षाघात झाला किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली, तर "धोका टळला" हे शब्द ऐकल्यावर नातलगांनीं आणखी एक प्रश्न डॉक्टरांना विचारावयाचा आहे: "घरीं गेल्यावर यांना स्वतःचें स्वतः करतां यावें म्हणून आजपासून काय करावयाचें?" तो प्रश्न घरीं परतण्याच्या दिवशीं विचारून चालत नाहीं, पहिल्या दोन-तीन दिवसांतच विचारला पाहिजे. कमलाबाईंनीं परळला शाळा काढली ती या प्रश्नाचें उत्तर देणारीं माणसें तयार करण्यासाठीं. तीं माणसें मोठ्या शहरांच्या सीमेबाहेर, मंचर-नारायणगांवापर्यंत पोंचावयाचीं अजून राहिलीं आहेत.